थंड झाल्यावरचा काटा

धोंडू परबाने गॅस चोरला, असं देवदत्त शेठने ठरवूनच टाकलं होतं. धोंडूला विचारायची तसदी कोण घेणार?

शेठच्या मुलुंडच्या शेडमध्ये धोंडू एकवीस वर्षं ऑक्सिजनचे सिलिंडर भरत होता. आज घाटकोपरच्या हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळणाऱ्या नीला मॅडम स्वतः येऊन उभ्या होत्या. शेडमधून निघताना प्रेशरचा काटा दीडशेवर असतो आणि वॉर्डात सिलिंडर लावताना एकशेतीसवर, ही त्यांची तक्रार. परवा साडेअकरा तास पुरायचा सिलिंडर दहा तासांत संपला. सिस्टर जागेवर होती म्हणून पेशंट वाचला.

"मधले वीस गेले कुठे?" मॅडमनी विचारलं.

शेठने धोंडूकडे बोट केलं. "व्हॉल्व्ह याच्याच हातात असतो. आजच काढतो याला. विषय संपला."

धोंडूचा बाप गिरणीत होता. तीस वर्षं रोज सुटताना गेटवर हात वर करून झडती द्यायचा आणि घरी सुताचा धागासुद्धा आणला नाही. आपलेही हात आता वर जातात की काय, असं धोंडूला वाटलं. त्याने ते पँटीला घट्ट दाबून धरले.

शेठने त्याला कोपऱ्यात ओढलं. "गप राहा रे. एका माणसावर निभावतंय. भावाच्या गोडाऊनला लावतो तुला. तोंड उघडलंस तर अख्खं हॉस्पिटल हातचं जाईल."

म्हणजे नोकरी मिळणार होती, फक्त चोर होऊन. धोंडू सरळ मॅडमसमोर गेला.

"आत्ताच भरलाय हा सिलिंडर. हात लावून बघा."

मॅडमनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. "केवढा तापलाय."

"घाईत भरला की तापतोच. सायकलचा पंप भराभर मारा, तोही तापतो. तापलेला गॅस आतून जोरात धडका मारतो, म्हणून काटा वर. वॉर्डात तुमचा एसी. गॅस निवला की धडका मंदावतात, काटा उतरतो. तोटी कोणी उघडलेली नाय."

"आठवी नापास माणूस सायन्स शिकवतोय," शेठ हसला.

"तोंडाने कोणीही काहीही सांगेल," मॅडम म्हणाल्या. "मला दिसलं पाहिजे."

"मग तोटीला कागद चिकटवा, त्यावर तुमची सही करा. आणि बसा इथेच."

काटा दीडशेवर होता. सिलिंडरच्या पोटाला ओलं गोणपाट गुंडाळून धोंडूने त्यावर पाण्याची नळी सोडली. शेठने दोनदा चहा मागवला, तीनदा घड्याळ दाखवलं. मॅडम काट्यासमोरून हलल्या नाहीत. एकशेपंचेचाळीस. एकशेचाळीस. बऱ्याच वेळाने सिलिंडर हाताला गार लागला, तेव्हा काटा एकशेतीसवर होता. सहीचा कागद जसाच्या तसा.

"म्हणजे आमच्याकडे येणारा प्रत्येक सिलिंडर असाच?" मॅडमनी शेठकडे बघत विचारलं.

शास्त्र शेठलाही कळत होतं. निवू देऊन पुन्हा भरायचा म्हणजे दिवसाला एक गाडी कमी, एवढंच त्याचं गणित.

इथे धोंडू सुटला होता. गप्प बसला असता तरी चोर ठरला नसता. पण परवाचा तो पेशंट त्याच्या डोक्यातून जाईना.

"असाच," तो म्हणाला. "चोरी मी केली नाय, मॅडम. पण शेठ म्हणायचे गाडी खोळंबलीय, आणि गरम काट्यावर व्हॉल्व्ह बंद करणारा हात माझाच. मला म्हायत होतं. एकवीस वर्षं."

"लिहून द्याल?"

"देतो."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला.

"उद्याचं उद्या. आजची गाडी उभी हाय ना?"

त्याने सहीचा कागद फाडला, गार सिलिंडर पुन्हा लाईनला जोडला आणि व्हॉल्व्ह जेमतेम उघडला. मॅडमनी स्टूल ओढलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. धोंडूने मान वळवली नाही. एक डोळा काट्यावर आणि तळवा सिलिंडरच्या पोटावर ठेवून तो तसाच उभा राहिला. जरा ऊब लागली की व्हॉल्व्ह बंद करायचा, निवेपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा उघडायचा.