राखणदाराचा नारळ

'सात दारांचा डोंगर' हे साहस मी बारा वर्षांत चार टोळक्यांना खेळवलं, आणि चारही टोळकी सातव्या दारावर मेली. फासे आणि कल्पनेवर चालणाऱ्या या खेळात छापील साहसाचं पुस्तक फक्त गेम मास्टरने, म्हणजे मी, वाचायचं असतं. कोणत्या दालनात काय आहे ते मी सांगणार, बाकीचे लढणार. पण सातव्या दारामागचं शेवटचं पान मोठ्याने वाचायची संधी मला कधी मिळालीच नव्हती. त्या पानावर माझा जीव आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

यंदाचं टोळकं लालबागच्या चाळीतलं. हितेंद्र आणि त्याची बायको अनुजा उद्या सकाळी बदलीवर नागपूरला निघणार होती. खोलीभर खोके. आज दार उघडलं नाही तर संपलं. त्यात टोळीचा पुजारी खेळणारा सौमित्र ऐनवेळी तापाने आडवा. पुजाऱ्याची ताकद आणि सामान लिहिलेला त्याचा कागद हितेंद्रने आपल्या वडिलांच्या, दगडूकाकांच्या हातात दिला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

पुस्तक इंग्रजी, मी वाचता वाचता मराठी करतो. सातव्या दाराशी आलो आणि सांगितलं की समोर राखणदार उभा आहे. हितेंद्रने तलवार उपसली, अनुजाने बाण लावला. दगडूकाका ताडकन उठून बसले.

"राखणदारावर तलवार? ठेय ती खाली!"

आमच्या गिरगावात राखणदार म्हणजे वॉचमनचं भारदस्त नाव. काकांच्या मालवणात तो गावाची शीव सांभाळणारा, रात्री काठी आपटत फिरणारा देव. त्यांनी दोघांना शस्त्रं खाली ठेवायला लावली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ही पोरां अज्ञानान तुझ्या वाटेक इली. काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. तुका नारळ देतंव, तेंका वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मुलगा आणि सून एका सुरात म्हणाली.

नियम सोडून मी कधी वागत नाही, म्हणून पुस्तकात पाहिलं. तिथे लिहिलं होतं की शस्त्र उपसून येणाऱ्यावर तो हल्ला करतो. हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेन. शस्त्राशिवाय जाता येतं, हे या शहाण्याला बारा वर्षांत सुचलं नाही.

तो बाजूला झाला, असं मी जाहीर केलं. दोघं आत शिरणार तोच काकांनी अडवलं. आधी नारळ.

मी पुजाऱ्याच्या सामानाची यादी पाहिली. दोरखंड, मशाल, तेल, घंटा. नारळ नव्हता. यादीत नसलेली काडेपेटीसुद्धा मी आजवर कुणाला वापरू दिलेली नाही. मागच्या एका खेळात अनुजाला दोराअभावी दरीत मरू दिलंय. ती माझ्याकडे बघत होती, हितेंद्रही बघत होता.

मी पेन्सिल घेतली आणि घंटेखाली लिहिलं: नारळ, एक.

अनुजाने ते वाचलं, पण दोराचा विषय काढला नाही. काकांनी हवेतच नारळ फोडला, शेंडी राखणदाराकडे करून एक वाटी ठेवली. दार उघडलं. मी शेवटचं पान काढलं, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि काढून पुन्हा पुसला.

"वाच रे झिला," काका हळूच म्हणाले. "तो पण ऐकतासा."