ठराव कोण मांडणार

“ठराव कोण मांडतंय?” महापौर गॅरी प्रुइटने तिसऱ्यांदा विचारलं, तरी पाचपैकी एकाही नगरसेवकाने टेबलावरची नजर वर केली नाही.

ओपल रिटर पेन उघडून बसली होती. अकराशे वस्तीच्या हिकरी बेंडमध्ये नगरकारकून म्हणजे कुत्र्यांच्या परवान्यापासून दफनभूमीतल्या जागेपर्यंत सगळ्याची धनीण. चौतीस वर्षं ती हेच करत आली होती. मांडणाऱ्याचं नाव आल्याशिवाय ठराव इतिवृत्तात लिहिता येत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

रद्द करायचा होता एक्केचाळिसावा नियम. नदीकाठच्या बागेत भरलेली बंदूक आणू नये, एवढाच तो, बागेच्या फाटकाशी पाटीवर लिहिलेला. पण बंदुकांबद्दल नियम करायचे ते राज्याने, गावांनी त्यात तोंड घालायचं नाही, असा कायदा राजधानीत झाला होता. कुणी असा नियम ठेवलाच, तर खुद्द नगरसेवकांची पदं जाणार होती. तक्रार केली होती डेल क्रेब्सने. सहा वर्षांपूर्वी गावात आलेला हा गडी दूध आणायलासुद्धा कमरेला पिस्तूल लावून जायचा.

“मी काही वाकडं मागत नाहीये,” मागच्या बाकावरून डेल म्हणाला. “राज्याचा कायदा आहे. पाटी काढा, विषय संपला.”

“काढतोय रे बाबा! मांडायला तर कुणी हवं ना?” गॅरी म्हणाला.

कुणी कसा मांडणार? टेबलाच्या टोकाला सर्वांत ज्येष्ठ नगरसेवक वेंडेल हाउप्ट बसला होता. वय एक्याऐंशी, जन्म ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलेला, आणि अजूनही दर नोव्हेंबरात हरणांच्या मागे रान तुडवणारा. एकोणऐंशी सालच्या चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या बागेत कुणाचं तरी पिस्तूल कमरेवरून निसटून पडलं, गोळी सुटली आणि वेंडेलची सात वर्षांची मुलगी, जोडी, गेली. महिन्याभरात नियम झाला. ज्याचं पिस्तूल होतं त्याचं नाव वेंडेलने पुन्हा कधी घेतलं नाही.

ओपलने मनात एक पळवाट काढून ठेवली होती. मत द्यायला ज्येष्ठतेने नाव पुकारायचं, म्हणजे वेंडेलचं पहिलं. आज ते शेवटी पुकारायचं. चौघांच्या होकाराने काम भागलं, की म्हातारा खुशाल ‘नाही’ म्हणू शकेल. आयुष्यात पहिल्यांदाच ती क्रम मोडणार होती.

“मी मांडतो,” वेंडेल म्हणाला.

“तुम्ही नका हो!” ओपलच्या तोंडून निघून गेलं. कारकुनाने सभेत बोलायचं नसतं.

“मग कोण मांडणार? यांची तर दातखीळ बसलीय.”

कुणीतरी पुटपुटत अनुमोदन दिलं. ओपलने ठरवल्याप्रमाणे दुसरंच नाव पुकारलं.

“ओपल, माझं नाव आधी असतं.”

“आज राहू द्या ना.”

“यांनी माझ्या तोंडावर हो कसं म्हणायचं? मी म्हटलं, की सुटतील बिचारे. पुकार.”

तिने पुकारलं. “हो,” तो म्हणाला. आवाज जरासुद्धा हलला नाही. ओपलने ते लिहून घेतलं. इतकी वर्षं याच्या कुत्र्याच्या परवान्यावर ती शिक्का मारत होती, आणि हा माणूस केवढा आहे हे तिला आज कळत होतं.

सभा संपली तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. पाटी उद्या काढू, असं गॅरी म्हणत होता, पण वेंडेल पाना घेऊन निघालासुद्धा. ओपल मागोमाग गेली. डेलही गेला. बागेच्या फाटकाशी, बुटक्या खांबापाशी तो अवघडून उभा राहिला.

“मिस्टर हाउप्ट, मला आत्ता बाहेर कुणीतरी सांगितलं. मला ठाऊक नव्हतं.”

“तुला कसं ठाऊक असणार? पाटीवर तिचं नाव कुठे होतं? धर जरा.”

डेलने पाटी दोन्ही हातांनी धरली. वेंडेलने गंजलेले नट एकेक करून सोडवले. पाटी निघाली, पण खालची पट्टी तुटून खांबाला तिचा धारदार तुकडा राहिला. वेंडेलने त्यावरून अंगठा फिरवला.

“पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतंय हे,” तो म्हणाला. “ओपल, नगरपालिकेच्या शेडमध्ये कानस असेल बघ.”

तिने कानस आणून दिली. वेंडेल गवतात गुडघे टेकून बसला आणि लोखंड घासू लागला. डेल पाटी छातीशी धरून उभा होता, ती खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. मधूनमधून वेंडेल थांबे, बोटाने चाचपून पाही, आणि अजून थोडं घाशी.