परतण्याचा हेतू न ठेवता

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने लिहिलेली वही आहे. मुंबईत जहाजांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाकडे आप्पासाहेब कारकून होते. सागरी कायद्यातले आणि लॅटिनमधले अवघड शब्द ते माझ्यात उतरवत आणि समोर मराठी अर्थ लिहीत. निवृत्तीनंतर त्यांनी मला पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी आणले. ते वारले आणि मी वाचनालयाच्या कपाटात पडून राहिले.

गावातला कल्याण मालवाहू जहाजावर खलाशी होता. वादळानंतर ते जहाज भर समुद्रात रिकामे तरंगताना सापडले. माणसे नव्हती, जीव वाचवायची होडीही नव्हती. कंपनीच्या पत्रात जहाजाविषयी एक लॅटिन वाक्य होते, 'सिने स्पे रेक्युपेरांदी, सिने आनिमो रेवेर्तेंदी'. मोबाईलमध्ये शोधून नीट कळेना, म्हणून कल्याणचा थोरला भाऊ सुनील मला घरी घेऊन गेला. इतक्या वर्षांनी कुणाला तरी मी हवी होते. मला फार आनंद झाला.

आई लंकाबाई आणि कल्याणची बायको सुकन्या समोर बसल्या होत्या. सुनीलने अर्धाच अर्थ वाचला, 'परतण्याचा हेतू न ठेवता सोडून जाणे.'

“म्हंजी त्याला यायचंच नव्हतं?” लंकाबाईने विचारले.

खाली आप्पासाहेबांनी स्पष्ट लिहिले होते, 'वाचवण्याची आशा संपल्यावर सोडलेल्या जहाजाबद्दल हे म्हणतात. परतणे म्हणजे जहाजावर परतणे.' सुनीलने ती ओळ मनात वाचली. कल्याणच्या वाटणीची जमीन त्याला हवी होती.

“व्हय,” तो म्हणाला.

तुला कंटाळूनच माझा पोरगा गेला, असे म्हणत लंकाबाईने सुकन्येला त्याच आठवड्यात घराबाहेर काढले. सुकन्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीगोंद्याला गेली. सुनीलने मला वाचनालयात परत ठेवले होते. हंगाम संपवून आल्यावर सुकन्या तिथे आली आणि तिने मला स्वतः वाचले. मग मला घेऊन ती घरी गेली आणि सासूसमोर बसून सगळा अर्थ वाचून दाखवला.

ती होडी मिळाली का, एवढेच लंकाबाईने विचारले. नाही मिळाली, सुकन्या म्हणाली.

म्हातारी म्हणाली, “मंग सुनीलचंच खरं ऱ्हाऊ दे. पळून गेला आसंल, तर माझा कल्याण जित्ता तरी हाय.”

तिने माझे ते पान फाडून चुलीत घातले आणि सुकन्येला पुन्हा या दारात येऊ नको म्हणून सांगितले. सुकन्येने मला कपाटात ठेवले आणि ती पाथर्डीच्या जीपमध्ये बसली.

मित्रांनो, दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या अर्थावर कुणाला घराबाहेर काढू नका. मला तुमच्या हातात घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि त्याच दिवशी वाचा.