एक जून

विनायकराव हरकरे यांना आयुष्यात पोटभर द्वेष करायला एकच माणूस मिळाला होता, आणि तो राहत होता बेल्जियममध्ये. नाव टोबेन्ना इझेइलो. नायजेरियाचा, सेंटर फॉरवर्ड, वय सत्तावीस. विनायकराव त्याचं नाव घेत नसत, नुसतं 'तो' म्हणत. घरात 'तो' ऐकू आलं की त्यांच्या पत्नी मंगलाताई समजायच्या, आता चहा उतू गेला तरी हे जागचे हलायचे नाहीत.

रोज सकाळी भोपाळजवळच्या मिसरोदच्या घराच्या गॅलरीत बसून ते मोबाइलवर त्याचा पंचनामा करायचे. त्याने गोल केला की, "गोलकीपर आंधळा होता." सोपी संधी दवडली की दिवसभर खुशीत, मंगलाताईंना गवार मोडून द्यायचे. सायप्रसच्या क्लबात असताना त्याचा गुडघा गेला आणि तो आठ महिने बाहेर बसला, तेव्हा तर यांनी पावशेर मोतीचूर आणला होता. कशाबद्दल, असं विचारल्यावर म्हणाले, "सहजच." पुढे तो पोर्तुगालच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उभा राहिला, तिथून बेल्जियमला गेला. युरोपात त्याचे चौसष्ट गोल झाले होते आणि त्यातला एकही यांनी पाहायचा सोडला नव्हता. इतक्या नेमाने कुणी रामरक्षा म्हटली असती तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.

द्वेषाला कारण होतं. विनायकराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि फावल्या वेळात बरखेड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या 'नवतरुण' क्लबचे सेक्रेटरी, कोच आणि मालक, सगळं एकटेच. मुलगा अभिजीत क्लबचा सेंटर फॉरवर्ड. २०१८ साली होशंगाबाद रोडवरच्या एका खाजगी कॉलेजात बी.कॉम.ला आलेला हा नायजेरियन मुलगा बूट हातात घेऊन मैदानावर आला आणि पंधरा मिनिटांत विनायकरावांना कळलं की आपण आजवर ज्याला फुटबॉल म्हणत होतो ते काहीतरी वेगळंच होतं. त्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या कपाची फायनल होती. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही जगाची रीत. विनायकरावांनी त्या दिवशी कार्ट्याला खेळवलं आणि बाळ्याला बाकावर बसवलं. कार्ट्याने दोन गोल केले, कप घरी आला, काचेच्या कपाटात बसला. अभिजीतने दुसऱ्या दिवशी बूट भंगारवाल्याला दिले.

तेव्हापासून सात वर्षं बापलेक एका छताखाली राहून मंगलाताईंच्या मार्फत बोलत होते. "बाबांना सांग, सिलिंडर संपलाय." "त्याला सांग, मला दिसतंय." अभिजीत आता मंडीदीपच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सकाळी सातला निघायचा, संध्याकाळी परतायचा, मुकाट जेवायचा. आणि ह्या सगळ्याचं खापर विनायकरावांनी कुणाच्या डोक्यावर फोडलं, हे वेगळं सांगायला नको.

यंदाच्या ऑगस्टात मात्र देव पावला. जर्मनीतला एक मोठा क्लब त्याला घेणार होता. त्याची तपासणी झाली, नवी जर्सी हातात धरून फोटो झाले, आणि मग कागद अडले. पासपोर्टवर जन्मतारीख ११ फेब्रुवारी १९९८. भोपाळच्या जुन्या नोंदीत १ जून २०००. एकाच माणसाचे दोन जन्म! चौकशी बसली. ती संपेपर्यंत त्याला खेळायला बंदी, आणि दोषी ठरला तर दोन वर्षं घरी. सत्ताविसाव्या वर्षी दोन वर्षं घरी बसलेल्या फॉरवर्डला पुन्हा कोण विचारतो? विनायकरावांनी ती बातमी तीनदा वाचली.

आठवड्याने चौकशीवाल्यांची मेल थेट क्लबच्या सेक्रेटरीला आली. २०१८ चा फॉर्म कुणी भरला? विनायकरावांनी शब्दकोश जवळ घेतला आणि इंग्रजीत एकच ओळ लिहिली: फॉर्म खेळाडूने स्वतः भरला, क्लबने फक्त शिक्का मारला. पाठवून दिली आणि दुपारी छान झोपले.

पुढच्या रविवारी ते गॅलरीत चहा घेत होते, तेव्हा अभिजीत समोर येऊन उभा राहिला. मंगलाताईंना मध्ये न घेता.

"ही मेल तुम्ही पाठवली?" त्याने मोबाइल पुढे धरला.

विनायकराव चपापले. "तुला कुठून मिळाली?"

"टोबीने पाठवली. चौकशीवाल्यांनी त्याच्या वकिलाला दिली होती."

"कोण टोबी?"

"मजाक नका करू, बाबा. ज्याला तुम्ही सात साल से शिव्या देताय, तो. दर रविवारी फोन करतो मला."

विनायकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. ज्याच्या वतीने आपण इतकी वर्षं हा द्वेष इमानेइतबारे सांभाळला, तोच शत्रूशी दर रविवारी गप्पा मारतो? आणि तेही आपल्याच छताखाली बसून!

"फॉर्म त्यानेच भरला," ते तावातावाने म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची मला गरज नाही."

अभिजीत आत गेला आणि माळ्यावरची फाइल घेऊन आला. क्लबचे जुने फॉर्म, एकोणीस. त्याने एकेक करून टीपॉयवर मांडले, पत्ते वाटावेत तसे. "वाचा. एक जून. एक जून. हा अकरा सप्टेंबर, ह्याची आई नर्स होती, तुमचं ऐकलं नाही तिने. हा परत एक जून. एकोणीसमधले चौदा जण एकाच दिवशी जन्मले, बाबा."

"शाळेत तशीच लावतात तारीख. पद्धत आहे."

"महाराष्ट्रात आहे. ये भोपाल है. इथले मास्तर एक जुलै लावतात, शाळा जुलैत सुरू व्हायची म्हणून. अख्ख्या शहरात एक जून लावणारा माणूस एकच. आजोबा नागपूरहून ऑफिसच्या बदलीबरोबर आले आणि ही तारीख सामानात घेऊन आले. तुमची एक जून, माझी एक जून. आणि नायजेरियातून आलेल्या वीस वर्षांच्या पोराला एकोणीसच्या आत बसायला नेमकी हीच तारीख सुचली? त्याचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या कामाला पोलिसांकडे होता. त्याने तर कोऱ्या फॉर्मवर सही केली होती, कारण तुम्हाला तो 'सर' म्हणायचा."

विनायकरावांनी समोरचे दोन फॉर्म उलटे करून ठेवले. मग त्यांना राग आला. रागाची त्यांना सवय होती, त्यात त्यांना बरं वाटायचं. "मी हे सगळं कुणासाठी करतोय? तुझ्यासाठी! त्याने तुझी जागा घेतली. तुला बाकावर बसवलं त्याने!"

"त्याने नाही बसवलं." अभिजीतचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "टीमची लिस्ट तुमच्या अक्षरात होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तुम्ही मला म्हणालात, ऊठ, पोरांना पाणी दे. मी दिलं. मॅचनंतर तुम्ही कप घेऊन जीपमध्ये बसलात आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मी पैदल निघालो. तो बूट गळ्यात अडकवून माझ्याबरोबर चालत आला. बरखेड्याहून मिसरोदपर्यंत. ज्याने दोन गोल मारले तो."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. विनायकराव फॉर्म गोळा करायला वाकले. अभिजीतने त्या कागदांवर हात ठेवला.

"फोटो काढून झालेत. फाडायचे तर फाडा. वकील म्हणतो, तुमच्या अक्षरात लिहून पाहिजे की तारखा क्लब स्वतःच लावायचा. आणि टोबीच्या बरोबर आणखी एका खेळाडूची खरी तारीख पाहिजे. मी माझं नाव दिलंय."

"वेडा आहेस का? कारखान्यात तुझी हीच तारीख आहे. नोकरीवर येईल."

"येऊ दे."

"आणि माझं? इतक्या पोरांचे बाप दारात येतील. स्पर्धावाले कप परत मागतील!"

"तो न्यायला मी स्वतः मदत करीन," अभिजीत म्हणाला. "तुम्ही नाही लिहिलं तर ही फाइल मी माझ्या नावाने पाठवणार. मग तुम्ही खोटी मेल लिहिली, तेही त्यात येईल. बोला."

विनायकराव हाडाचे हेडक्लार्क होते. दोन संकटांतलं कुठलं लहान, हे त्यांना न बोलता कळायचं. मात्र मुलाचे डोळे त्यांनी आज पहिल्यांदा जवळून पाहिले, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं. ह्या मुलाने त्यांना केव्हाच वजा करून टाकलं होतं.

"आण कागद," ते करवादले.

त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, अजूनही. मी, विनायक दत्तात्रय हरकरे, लिहून देतो की. खाली त्यांनी सवयीने पट्टीने रेघा मारून तीन रकाने आखले. नाव, फॉर्मवरची तारीख, खरी तारीख. टोबेन्ना इझेइलो. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव पुरतं लिहिलं. एक जून दोन हजार. पुढच्या रकान्यात पेन कुठेही न अडखळता चाललं: अकरा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. रोज सकाळी मोबाइलवर बघून बघून ती तारीख त्यांना तोंडपाठ होती.

दुसरी ओळ. अभिजीत विनायक हरकरे. एक जून दोन हजार.

तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

साल नव्व्याण्णव, इतकं पक्कं होतं. दिवाळी होऊन गेली होती. मंगला दरवर्षी तिथीने ओवाळते, कार्तिक वद्य काहीतरी, घरात शिऱ्याचा वास येतो तेव्हा कळतं. त्या दिवशी पाऊस नव्हता. दवाखान्यात ते उशिरा पोचले होते, कारण मैदानावर मॅच होती. मॅच कुणाशी होती, तेही आठवलं. तारीख आठवेना.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मंगला," त्यांनी हाक मारली.

नळ बंद झाला. मंगलाताई दारात आल्या, पदराला हात पुसले, कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. काय अडलंय ते त्यांना कळलं.

"आईला विचारू नका," अभिजीत म्हणाला. "तुमच्याच आठवणीतून हवंय."

तो समोरच्या खुर्चीत बसून वाट पाहू लागला.