सोपानरावाचे दोन दिवे

चिखलीच्या शिवेवरच्या वडाला दोन-अडीचशे वाघळं टांगलेली असत आणि गावाच्या मते ती म्हसोबाची होती. वाघळं आहेत तोवर वडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा बापजाद्यांचा नेम. आकुर्डीच्या कारखान्यांकडं जाणारा रस्ता रुंद करायला ठेकेदार आला, तेव्हाही गावानं हाच नेम पुढं केला. सरपंच अण्णासाहेबांनी मात्र त्याला एक शेपूट जोडलं. वाघळंच राहिली नाहीत, तर देवानं जागा सोडली असं समजू आणि झाड देऊन टाकू.

सोपानरावाचा जीव त्या वडात होता. वड त्याच्या पडवीसमोर, म्हसोबाची पूजा त्याच्याकडं, आणि संध्याकाळ झाली हे त्याला लहानपणापासून घड्याळ नव्हे, वाघळंच सांगत आली होती. त्यामुळं पाडव्यानंतर झाडाखाली मेलेली वाघळं सापडू लागली, तेव्हा त्याला घास गोड लागेना.

संशय कुणावर घ्यायचा, यासाठी त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. पाडव्याच्याच आठवड्यात बीडकडचा गुलजार मिस्त्री वडापलीकडं टेम्पो दुरुस्तीचं पत्र्याचं गॅरेज टाकून बसला होता. सोबत म्हातारी आई, खैरुन्निसा. तिचे गुडघे धरलेले. आणि वाघळाचं तेल सांध्यांना चांगलं, हे तर पाळण्यातलं पोरही सांगेल!

"आईच्या गुडघ्यासाठी मारतोय, न्हाईतर ठेकेदारानं फितवलाय," सोपानराव बायकोला म्हणाला.

"कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडली आसंल," सोजराबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमी डोळ्यानं बघितलं का?"

"बघीन की!"

बघायचं तर उजेड हवा. म्हसोबापुढं पाडव्याला विजेचा दिवा लागला होता, तो सोपानरावानंच आणलेला. वर्षभर खेटे घालून, एका ओळखीच्या वायरमनला गाठून, त्यानं खांबापासून फांद्यांमधून दोन उघड्या तारा ओढून घेतल्या होत्या. केवढं कौतुक झालं होतं त्याचं! आता त्याच तारा पुढं नेऊन त्यानं गॅरेजच्या अंगाला दुसरा दिवा लावला. आठवड्याला दोन वाघळं मरत होती, तिथं चार मरू लागली. म्हणजे हा माणूस आता खुन्नस काढतोय, हेही सोपानरावाला लगेच कळलं. संशयी माणसाला सगळं लगेच कळतं, हीच तर त्याची खोड.

पुढं दोनदा त्यानं दिवस उगवायच्या आधी गुलजारला झाडाखाली वाकून पोत्यात काहीतरी भरताना पाहिलं. हाक मारली नाही. अण्णासाहेबांना आणि चार जाणत्यांना निरोप धाडला, "रविवारी दिवस उगवायला वडाखाली या. चोर मुद्देमालासकट दावतो. त्याच पावली त्याचं गॅरेज उचलायचं."

रविवारी फटफटताच गुलजार आला, वाकला आणि पोतं घेऊन गॅरेजात शिरला. सोपानराव काठी घेऊन मागोमाग घुसला तो दारातच थबकला.

आत तेलाची कढई नव्हती. आडव्या दोरीवर जुनी घोंगडी टाकली होती आणि तिला मुठीएवढी पाच पिल्लं उलटी लटकली होती. खैरुन्निसा कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून एकेकाच्या तोंडाशी धरत होती. सोपानरावाला पाहून तिनं पदर सावरला, पण पिल्लाच्या तोंडातली वात काढली नाही.

"ह्ये काय चाललंय?"

"आया मरतात मामा, पण पोटाला चिकटलेली पिल्लं कधी कधी जगतात." गुलजारनं पोत्यातली मेलेली मादी काढून तिचे पंख पसरले. दोन्ही टोकांना जळल्याचे काळे डाग होते. "एक पंख दिव्याच्या ह्या तारेला लागतो, दुसरा त्या तारेला. मग खेळ खलास."

"खोटं!" सोपानराव ओरडला.

तेवढ्यात बाहेर तडतडलं. तो धावत बाहेर आला, मागोमाग गुलजारही. चरून परतलेलं एक वाघूळ नव्या दिव्याच्या तारांवरून धप्पकन त्याच्या पायाशी पडलं. पाडव्याला शिवेवर दोन गोष्टी नव्या आल्या होत्या, आणि त्यानं संशय एकीवरच घेतला होता. सोपानरावाला स्वतःची अशी लाज वाटली की गुलजारकडं बघवेना.

"मग इतके दिस बोलला का न्हाईस रं?"

"मी नवा माणूस, त्यात मुसलमान. देवापुढचा दिवा काढा म्हणालो असतो, तर ऐकलं असतं का, मामा?"

सोपानरावानं हातातल्या काठीकडं पाहिलं आणि ती गॅरेजच्या पत्र्याला टेकवून ठेवली.

समोरून अण्णासाहेब आणि मंडळी येत होती. सोपानराव खांबाकडं गेला आणि पेटीतला चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसून घेतला. दोन्ही दिवे विझले.

"दिवा का घालवला रं? आन् चोर कुठंय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

सोपानरावानं तो फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो मुद्देमाल," तो म्हणाला. "आन् चोर तुमच्या म्होरं उभा हाय."