न दुखणारी वीस मिनिटं

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात अक्का अकरा वर्षं वाफेच्या इस्त्रीसमोर उभी होती. मधेमधे घरी जायची, एवढंच. चादर पसरायची, झाकण दाबायचं, झाकण उचलायचं, घडी घालायची, दिवसाला चारशे. पहिल्या दोन वर्षांतच कंबर गेली. पुढची नऊ वर्षं अक्का कमरेवाचूनच उभी राहिली.

दुखणं कमरेतून निघून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायचं. एक्सरेत मात्र उतरत नसे. "एकदम स्वच्छ आहे," असं तीन डॉक्टरांनी सांगितलं, आणि स्वच्छ म्हटल्यावर धुलाईखान्यातली बाई काय बोलणार? एक ते दहात किती दुखतं, असं विचारलं की ती सात म्हणायची. त्यावर सुपरवायझर म्हणायचा, "इथे सगळ्यांचं सातच दुखतं. आठ म्हटलं तर घरी बसवतील ना!"

महिनाअखेर शिवणखोलीतली बाई निवृत्त होणार होती. फाटक्या चादरींना ठिगळं लावायचं काम, तेही बसून, पाठ असलेल्या खुर्चीत. अक्काने त्या जागेसाठी अर्ज केला. पॅकिंगवालीनेही केला, तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात तिचा घोटा मुरगळला होता. रुग्णालयात दुखणं मोजायचं नवं यंत्र आलेलंच होतं. धुलाईखान्याच्या साहेबांनी ठरवलं, दोघींना आठवडाभर लावा, जिचा आकडा मोठा तिची खुर्ची. तोंडी रडगाणं बंद.

अक्काला इतका आनंद लग्न ठरल्यावरही झाला नव्हता. "आता यंत्रच बोलेल," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा एका कचेरीत लिफ्ट चालवायचा. "बोलू दे. तुझ्यापेक्षा कमीच बोलेल," तो म्हणाला.

यंत्र लावायला बोलावलं तेव्हा दुपार झाली होती आणि अक्काच्या दोनशे चादरी उरकल्या होत्या. यंत्रवालीने मनगटाला पट्टा बांधला, कमरेवर चकती चिकटवली. नाडी, घाम, स्नायूंचा ताण असं सगळं मोजून फोनवर आकडा यायचा होता.

"मावशी, आधी यंत्राला तुमचं शून्य शिकवायचं. न दुखणारी फक्त वीस मिनिटं लागतात. दुखायचं थांबलं की सांगा, मी बटण दाबते."

"आत्ता तर दुखतंय."

"मग थांबू या."

थांबल्या. अक्का खुर्चीत बसली, बाकावर बसली, तपासणीच्या टेबलावर उताणी झाली, मग कुशीवर वळली.

"आता?"

"नाही गं."

"सकाळी उठल्यावर नसेल ना दुखत?"

"तेच तर उठवतं मला. घड्याळ विकून टाकलंय आम्ही."

यंत्रवालीला हसू आलं, पण तिने दाराबाहेरची रांगही पाहिली. "मावशी, फॉर्मवर एकच चौकोन आहे. 'वेदनारहित नोंद घेतली.' घेता आली नाही, असा चौकोनच नाही. आत्ता नेहमीपेक्षा जास्त तर दुखत नाहीये ना?"

"नाही. नेहमीइतकंच."

"मग हेच धरू या."

यंत्रवालीने बटण दाबलं. वीस मिनिटं अक्का दात आवळून, मुळीच न हलता पडून राहिली. आपल्यामुळे यंत्र बिघडायला नको. मग यंत्रवाली म्हणाली, "झालं. हे तुमचं शून्य." अक्काने तिचे आभार मानले.

आठवडाभर फोनवर शून्य दिसलं. कधी अर्धा, एकदा जिना चढताना दीड. घरी असला की नवरा दर तासाला फोन बघायचा. "अगं, शून्य!" त्याच्या आवाजात कौतुक असायचं. गुरुवारी संध्याकाळी तो सांगत होता, "आज एक साहेब मला म्हणतात, लिफ्ट जरा सावकाश घे, वळणावर भीती वाटते." अक्का इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. फोनवर साडेसहा.

सोमवारी डॉक्टरांनी अहवाल पुढे ठेवला. डॉक्टर भले होते. त्यांनी अक्काला बसा म्हटलं.

"सगळं ठीक दिसतंय. फक्त गुरुवारी संध्याकाळी एकदम साडेसहा. काय झालं होतं तेव्हा?"

सुपरवायझरसमोर अक्का सहज खोटं बोलत असे. पण यंत्रासमोर खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"हसले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

"डॉक्टरसाहेब, ते शून्य म्हणजे माझं दुखणंच आहे हो. न दुखणारी वीस मिनिटं सापडलीच नाहीत."

डॉक्टरांनी फॉर्म उलटून पाहिला. "इथे तर घेतली अशी खूण आहे."

"खूण तिने केलीय. तिच्याकडे दुसरा चौकोन नव्हता."

"अक्का, नऊ वर्षांत वीस मिनिटंसुद्धा नाहीत, असं कसं होईल?" डॉक्टर समजुतीने म्हणाले. "तसं असतं तर माणूस जगलाच नसता."

अक्का जगतेय, हा पुरावा तिच्याविरुद्धच जात होता.

पॅकिंगवालीची सरासरी चार निघाली. तिचा घोटा मधेच दुखायचा, मधेच थांबायचा, त्यामुळे दुखला की यंत्राला कळायचं. बाहेर ती लंगडत अक्काजवळ आली. "तुमचं बरं आहे बाई, शून्य!" ती मनापासून म्हणाली, आणि लंगडत शिवणखोलीकडे गेली.

घरी नवऱ्याने अहवाल दोनदा वाचला. चिडला नाही, टोमणा मारला नाही. उलट खुर्चीत बसून त्याने डोळे पुसले. "इतकी वर्षं मला वाटायचं, आत काहीतरी भयंकर असणार. सुटलो बघ दोघंही."

दुसऱ्या दिवशी अक्का कामावर जायला निघाली. तिला वाकता येत नसे, म्हणून तिच्या बुटांच्या नाड्या रोज सकाळी नवराच बांधायचा; तिने कधी सांगितलं नव्हतं, त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज तो दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला.

"तूच बांध. माझ्यामुळेच तुला सवय लागली."

अक्काने एकदा त्याच्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं जे होतं ते सगळं यंत्राने सांगून टाकलं होतं. तिने भिंतीला हात लावला, श्वास रोखला आणि वाकली. डावा बूट झाला. मग बऱ्याच वेळाने उजवा.

"बघ, जमलं की नाही!" नवऱ्याचा चेहरा उजळला.

"जमलं," अक्का म्हणाली. ती अजून खालीच होती.