चार सिलिंडरांची झोप

लमारच्या गॅरेजचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक काळपट दांडा लावून ठेवलेला असतो. हातभर लांब, अंगावर उंचवटेच उंचवटे. मित्रांनो, तो दांडा म्हणजे मी, एका पिकअपच्या पोटातून काढलेला जुना कॅमशाफ्ट. वायोमिंगमधला वारा कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे म्हातारपणीही मला काम भरपूर आहे.

पोलादाची सळई तापवून, कातून, घासून मला घडवलं. अंगावर सोळा उंचवटे ठेवले, एकेक अगदी मापात. माझं काम सांगायला सोपं आहे. गोल फिरायचं. फिरताना माझा उंचवटा लिफ्टर नावाच्या एका ठेंगण्या तुकड्याला वर ढकलतो, त्यामुळे पुढची झडप उघडते आणि सिलिंडर श्वास घेतो. उंचवटा सरला की झडप मिटते. आठ सिलिंडर, सोळा झडपा आणि मधोमध मी, तेलात न्हालेला, काळोखात. तिथं मला दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं; बाकीचं नंतर गॅरेजातल्या गप्पांतून कळलं.

मी ज्या इंजिनात बसलो, त्यात एक निराळी सोय होती. गाडी रिकामी असेल, रस्ता सपाट असेल, तर आठांचं काम चौघांत भागवावं आणि पेट्रोल वाचवावं, असं कुणीतरी ठरवलं होतं. कॉम्प्युटरनं खूण केली की चार सिलिंडरांच्या लिफ्टरांमधली खुंटी आत सरकायची. मग मी कितीही ढकललं तरी ते लिफ्टर आतल्या आत दुमडायचे, आणि वरची झडप मिटलेलीच राहायची. सिलिंडर झोपलेला. परत खूण झाली की जागा. दिवसातून शंभरदा झोप, शंभरदा जाग. झोपलेला उठेल की नाही, अशी शंका तेव्हा कुणाच्या मनात आली नाही. माझ्याही नाही.

गाडी होती व्हर्ल आणि नेड्रा स्टोक्स या नवराबायकोची. मेंढ्यांचा कळप, दोन घोडी आणि डोंगराच्या अलीकडचं गवत, एवढा त्यांचा पसारा. आम्ही चारा ओढला, घोडी नेली, चिखलात रुतलेल्या शेजाऱ्यांना बाहेर काढलं. व्हर्ल दर वेळी वेळेवर तेल बदलायचा. बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "ही बाई माझ्या आधी मरत नाही." नेड्रा म्हणायची, "कुठली बाई, ते आधी सांग." मी आत फिरत हसायचो.

गाडीच्या बाराव्या वर्षी व्हर्लची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सत्तर मैलांवर, मधल्या खिंडीपलीकडे. नेड्रा गाडी चालवायची, शेजारी व्हर्ल, मध्ये कॉफीचा थर्मास. एक खेप चुकली तर श्वास जड व्हायचा, दोन चुकल्या तर काय होतं ते नर्सनं नेड्राला बाजूला घेऊन सांगितलं होतं. या धावपळीत पुढच्या काचेवरच्या चिकटपट्टीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तिथं तेल बदलायची तारीख होती. ती गेली. पुढची तारीख तर कुणी लिहिलीच नाही. माझ्याभोवतीचं तेल काळं होत गेलं, मग दाट.

ऑक्टोबरात आवाज सुरू झाला. टिक, टिक, टिक. सातव्या सिलिंडरच्या लिफ्टरचा. झोपेतून उठताना त्याची खुंटी अडखळायची.

व्हर्लनं कान दिला आणि म्हणाला, "बोल्ट असेल."

इकडं ही पद्धतच आहे, मित्रांनो. या गाड्यांच्या धुराड्याचा एखादा बोल्ट थंडीत तुटतो, आणि इंजिन तापेपर्यंत अशीच टिकटिक करतो. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून कुठलीही टिकटिक ऐकली की लोक बोल्ट म्हणतात आणि रेडिओवरचे जनावरांचे भाव ऐकू लागतात.

नेड्रा मात्र गाडी लमारकडे घेऊन गेली. लमार सत्तरीचा मेकॅनिक, बोलायचा कमी. त्यानं एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली. "बोल्ट नाही," तो म्हणाला. "लिफ्टर आहे. इंजिन उघडावं लागेल, तीन आठवडे जातील. डोंगरावर बर्फ आहे तोवर तुम्हाला गाडीवाचून जमणार नाही." मग त्यानं स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढा प्लग खोचला. त्याला हिरवा दिवा होता. हा प्लग असला की कॉम्प्युटर कुणालाच झोपवत नाही, आठही जागे राहतात. "वसंतापर्यंत चालेल. पण हा काढायचा नाही. समजलं का, व्हर्ल?"

"मलाच का सांगतोस?"

"कारण नेड्राला सांगावं लागत नाही."

दीड महिना बरा गेला. मग गार्थ आला. गार्थ पुढच्या कुंपणापलीकडचा शेजारी, पन्नाशीचा, मनानं लोण्यासारखा. त्याची गाडी आमचीच बहीण, त्याच कारखान्यातली. त्याला नेब्रास्काला आपल्या सख्ख्या बहिणीकडे जायचं होतं, आणि गाडी खोकत होती.

"तुझा तो हिरवा दिवा दे की दोन दिवस," तो व्हर्लला म्हणाला.

आमच्याकडे शेजाऱ्याला नाही म्हणत नाहीत. वळू मागितला, दिला. खोगीर मागितलं, दिलं. व्हर्लनं वाकून प्लग उपसला आणि खिडकीतून बाहेर दिला. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मी फक्त फिरणारा दांडा.

बुधवारी आम्ही निघालो. शून्याखाली पंचवीस, वाऱ्यात सुटं बर्फ. खिंड चढताना सगळे जागे होते, कारण ओझं होतं. उतार लागला, नेड्रानं पाय हलका केला, आणि कॉम्प्युटरनं खूण केली. चौघे झोपले. पुढच्या वळणावर पुन्हा खूण झाली, तिघे उठले.

सातवा उठला नाही. त्याचा लिफ्टर दुमडलेलाच अडकला, मग तिरका झाला, आणि माझ्यावर टेकणारं त्याच्या तळाचं चाक फिरायचं थांबलं. त्या थांबलेल्या चाकाखाली मी फिरत होतो. मला थांबता येत नव्हतं. माझा उंचवटा झिजत गेला, लोखंडाचा कीस तेलात मिसळला, तेल जिथं पोहोचायला हवं तिथं पोहोचेना. ठाण, ठाण, ठाण. मग तांबडा दिवा. मग काहीच नाही.

गाडीत मी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. बाहेर वारा. फोनला रेंज नाही.

"प्लग कुठंय?" नेड्रानं विचारलं.

"गार्थकडे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. दोनच दिवस म्हणाला होता."

तिनं थर्मासातली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "वळू दिलास, खोगीर दिलंस. आता मलाही देऊन टाक."

"तुला नाही घेणार तो. त्याला गप्प बसणारी हवीय."

ती हसली, आणि हसता हसता तिनं त्याचे बूट काढून त्याचे पाय आपल्या कोटाखाली पोटाशी धरले. दोन तास पन्नास मिनिटं. त्यानंतर बर्फ काढणारी गाडी आली. व्हर्ल वाचला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली, आणि काही आठवडे तो खिंडीपलीकडच्या दवाखान्यातच राहिला.

लमारनं इंजिन उघडलं आणि मला समोरून ओढून बाहेर काढलं. मी पहिल्यांदा उजेड पाहिला, आणि नेड्राचा चेहरा. तिनं माझ्या झिजलेल्या उंचवट्यावर अंगठा ठेवला. तिथं आता खळगा होता, अंगठा बसेल एवढा.

"सगळं साफ करतो," लमार म्हणाला. "मोटर टिकेल. पण ती झोपायची सोयच काढून टाकू. साधे लिफ्टर, वरचं झाकण साधं, कॉम्प्युटरातून ती खूण पुसून टाकायची. आणि कॅमशाफ्ट नवा. कुठला ते तू ठरव."

तेवढ्यात गार्थ आला. हातात कॅटलॉग, चेहरा पडलेला. "कॅमशाफ्ट माझ्याकडून," तो म्हणाला. त्यानं जाड उंचवट्यांचा, सगळ्यांत भारी कॅमशाफ्ट निवडला होता. "जागेवर उभी असताना गाडी अशी गुरगुरेल ना, गावात माना वळतील."

"आणि उतारावर?" नेड्रानं लमारला विचारलं.

"वरच्या वेगात पळेल. खाली ताकद कमी. आणि इंजिनाच्या हवेची जी ओढ ब्रेक दाबायला मदत करते, ती कमी मिळेल. ब्रेकचं पेडल घट्ट होईल."

"गार्थ, मला खिंड उतरायचीय. मिरवणूक नाही काढायची."

गार्थनं कॅटलॉग मिटला. नेड्रानं सगळ्यांत साधा कॅमशाफ्ट निवडला, ओझं ओढणारा, गुपचूप चालणारा. मला त्याचा हेवा वाटला नाही. मला तो आवडला. गार्थनं खिशातून प्लग काढून पुढं केला, तर ती म्हणाली, "ठेव तुलाच. मला आता लागणार नाही."

नवा कॅमशाफ्ट सोमवारी यायचा होता. त्याआधी शुक्रवारची डायलिसिसची खेप होती. "मी नेतो ना व्हर्लला," गार्थ म्हणाला. "माझ्यामुळे झालं, मीच नेतो."

शुक्रवारी सकाळी गार्थची गाडी लमारच्या अंगणात उभी राहिली. गाडी नसल्यानं व्हर्ल आणि नेड्रा लमारकडेच मुक्कामाला होते; व्हर्ल कुबडी घेऊन आत बसला. लमारनं तोवर मला दाराखाली घातलं होतं, दार उघडं होतं, आणि मला ऐकू आलं.

टिक, टिक, टिक.

"बोल्ट आहे," गार्थ म्हणाला. "तापली की जाईल. आणि हिरवा दिवा आहेच की."

दिवा होता. पण जे आधीच झिजलं, ते दिवा भरून काढत नाही. वीस मैलांवरून आलेलं ते इंजिन तापलेलं होतं, मित्रांनो. तरी टिकटिक चालूच होती. मी दाराखाली पडून ऐकत होतो, आणि खिंडीवर ढग उतरत होते.

नेड्रा दार लावायला आली. वाकून तिनं मला उचललं, आणि तिचा अंगठा आपसूक त्या खळग्यात गेला. ती थांबली. मान तिरकी करून ऐकू लागली. मग मला हातात घेऊनच बाहेर गेली आणि गार्थच्या बॉनेटवर मला आडवं ठेवलं. खालची धडधड माझ्या अंगात चढली. सातवा सिलिंडर. तोच.

"बंद कर," ती म्हणाली.

"अगं, बोल्ट आहे तो."

व्हर्ल आतून हळूच म्हणाला, "गार्थ, मीसुद्धा बोल्टच म्हणालो होतो." आणि हात लांब करून त्यानं स्वतःच चावी फिरवली.

त्या दिवशी ते लमारच्या टोचन गाडीतून गेले. चौघे एका सीटवर, ताशी चाळीस मैल. उशिरा पोचले, पण पोचले. सोमवारी नवा कॅमशाफ्ट आला, पुढं नेड्राची गाडी उभी राहिली. आता ती खिंड चढते, उतरते, आणि कुणाला तिचा आवाज आठवत नाही. काचेवरच्या चिकटपट्टीवर तारीख आहे, नेड्राच्या अक्षरात.

मित्रांनो, यंत्र एकदम मरत नाही. ते आधी हळू आवाजात सांगतं, मग पुन्हा सांगतं. त्याला वेळेवर तेल द्या, आणि ते बोलेल तेव्हा दुसरा आवाज मोठा करू नका. एवढंच मागतो.

गार्थची गाडी अजून अंगणात उभी आहे, बर्फाखाली. लमार म्हणतो इंजिन उघडू, गार्थ म्हणतो वसंतात बघू. पण तो रोज कुणाच्या तरी गाडीतून येतो, बॉनेटवरचं बर्फ हातानं झटकतो, आणि कुणी बघत नाहीये ना, असं इकडंतिकडं पाहतो. चावी त्याच्या खिशातच असते, आणि हात कधी कधी त्या खिशाकडे जातो.